नवव्या पायरीची हवा

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेचा पहिला नंबर आला होता, त्याचं कौतुक लोक अजून करतात. मला कार्यक्रमांना बोलावतात, शाल देतात, नारळ देतात आणि म्हणतात, बाई, मुलींना दोन शब्द सांगा. मी काय सांगणार, कपाळ माझं. नववीतल्या दोन पोरी चार महिने एका विहिरीत दिवा सोडत होत्या, एवढीच ती गोष्ट. त्या विहिरीत आदल्या उन्हाळ्यात माणूस मेला होता, हे मी शाल घेताना सांगत नाही. आज सांगून टाकते.

आमचं गाव धानोऱ्याहून दोन कोसांवर, जंगलाला लागून. हायस्कूल धानोऱ्यालाच. आमचा जिल्हा तेव्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा निघाला होता आणि सगळंच कोरं करकरीत होतं, कचेऱ्या, साहेब, त्यांच्या जीपगाड्या. माझे बाबा गावातल्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी घरातले देव नदीला दिले होते, आणि बाबा तर त्याही पुढचे. गावात कुठे लिंबू टाकलेलं दिसलं, बाहुली टांगलेली दिसली, की उचलून फेकायचे. रस्त्यावर उतारा ठेवलेला असला तर त्यातला नारळ तिथेच फोडून आम्हाला खोबरं खायला लावायचे. लोक घाबरून बघत राहायचे आणि मी ऐटीत खोबरं चावायची. मला बाबांचा फार अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं घातली.

ती विहीर माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरामागे, धानाच्या बांधीत होती. जुनी, दगडी, तोंडाला अरुंद. आत उतरायला भिंतीतून पुढे आलेले दगड, त्यांनाच पायऱ्या म्हणायचे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की घरातला कोणीतरी उतरून गाळ काढायचा. पण उतरण्याआधी घरातल्या थोरल्या सुनेनं दोरीला बांधून पेटता दिवा पाण्यापर्यंत सोडायचा, अशी त्या घराची रीत होती. दिवा जळत राहिला तर विहीर राजी. विझला तर विहीर रागावली. मग त्या दिवशी कोणी उतरायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा सोडून बघायचं.

त्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या आईनं दिवा सोडला, तो विझला. वर ओढून तिनं पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तरीही तिचा धाकटा दीर खाली उतरला. नवव्या पायरीवर तो दमल्यासारखा मटकन बसला आणि तसाच खाली पडला. ओरडलासुद्धा नाही. मी त्या दिवसांत सिंदेवाहीला मामाकडे गेले होते. परत आले तेव्हा मयत वर काढून झालं होतं, विहिरीच्या तोंडावर ओंडके टाकून वर काटेरी फांद्या रचलेल्या होत्या आणि गावानं निकालही देऊन टाकला होता. बाईच्याच हाताले काहीतरी आहे. दिवा बी तिनंच खाल्ला, माणूस बी तिनंच खाल्ला. दिवा दोनदा विझूनही माणूस खाली का गेला, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी बावळट, मीही कोणाला विचारलं नाही.

त्या बाईला धानाच्या रोवणीला कोणी बोलावेना. ती पाण्याला आली की बायका आपापल्या पाण्याच्या पितळी गुंड्या उचलून बाजूला सरकायच्या. हळूहळू तिनं बोलणंच टाकलं. घरात नाही, दारात नाही, पोरीशीही नाही. पोळ्याच्या सुमाराला गावात कुजबुज सुरू झाली की शिमगा झाला की बाहेरून भगत आणायचा आणि त्याच्याकडून चेटकिणीचं नाव काढायचं. नाव निघालेल्या बाईचं पुढे काय होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. एकटे बाबा चावडीवर तिच्या बाजूनं भांडले. 'छातीत कळ आली त्याच्या. बाईच्या हातानं काय होते? अडाण्यासारखं बोलू नका,' असं म्हणाले. मला वाटलं, माझा बाप म्हणजे बाप.

शाळेत विज्ञानाला जे सर होते ते चंद्रपूरचे, मुसलमान घरातले. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सर तरुण होते आणि बोलताना निम्मं हिंदी बोलायचे. प्रदर्शनाची सूचना आली तसं त्यांनी वर्गाला विचारलं, काय करायचं. त्या काळी दर शाळेचा एक ज्वालामुखी आणि एक गोबर गॅस ठरलेलाच असायचा, आमच्याही पोरांनी तेच सांगितलं. मग मैत्रीण उभी राहिली. त्या वर्षी ती वर्गात पहिल्यांदाच तोंड उघडत होती.

"सर, आमच्या विहिरीत दिवा काऊन इझते?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांच्याही कानावर गावातली गोष्ट आलेली असणार. मग म्हणाले, "सवाल अच्छा है. पण उत्तर मी देणार नाही, तुम्हीच शोधा. एकटीनं जायचं नाही. आणि विहिरीत डोकं घालायचं नाही, समझी?"

तिच्यासोबत कोण जाणार, हे विचारल्यावर सगळे बाकाखाली काहीतरी शोधू लागले. मी हात वर केला. गुरुजींची पोरगी ना मी, नाक मोठं. आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती, कशाला खोटं बोलू.

पहिल्या दिवशी भर दुपारी आम्ही काटे बाजूला केले आणि एक ओंडका सरकवला. फटीवर सागाचं एक वाळकं पान पडलं होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. शेजारी उभं असलेलं धानाचं पातंही हलत नव्हतं. ते पान आपोआप थोडं वर उचललं गेलं, थरथरत राहिलं आणि मग सावकाश खाली बसलं. काही वेळानं पुन्हा उचललं गेलं. मी फटीवर हात धरला तर तळव्याला कोमट ओलसर हवा लागली, चिखलाच्या वासाची. मी हात असा मागे घेतला की ओंडक्याचं कुसळ घुसलं.

"श्वास घेऊन राह्यली," मैत्रीण म्हणाली. ती अजिबात घाबरलेली नव्हती आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटलं. मग ती फटीपाशी वाकून, कोणाला हाक मारावी तसं म्हणाली, "काका, आमी आहो. दिवा सोडून राह्यलो."

औषधाच्या बाटलीची चिमणी करून ती आम्ही दोरीनं खाली सोडली. पहिल्या पायरीवर नीट जळत होती, चौथ्यावरही. आठव्या पायरीजवळ ज्योत लांबट झाली. मग ती वातीपासून सुटली, नुसतीच वर तरंगली आणि गेली. कोणी फुंकर घातली नव्हती, वरून थेंब पडला नव्हता. मागे राहिलेला धूर वर आलाच नाही. तिथेच आडवा पसरत गेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यावर पसरावा तसा, आणि विहिरीच्या भिंतीला टेकून थांबला. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या धुराकडे बघत बसलो. आमच्याकडच्या प्रत्येक विहिरीत पारवे असतात. इथे त्यांची जुनी घरटी होती, काड्या होत्या, पिसं होती, पण पक्षी एकही नव्हता.

ते चार महिने असेच गेले. शाळेला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा, दिवसातून दोनदा दिवा सोडायचा. कितव्या पायरीला विझला ते वहीत लिहायचं. आभाळ कसं होतं, थंडी होती की उकाडा, तेही लिहायचं. सरांनी काचेच्या बरणीवर फुग्याचं रबर ताणून बसवायला शिकवलं. रबरावर झाडूची काडी चिकटवली, ती हवेच्या दाबाप्रमाणे वरखाली व्हायची. काडी खाली आली की समजायचं, आज पान उडणार आणि दिवा लवकर जाणार. थंडीच्या सकाळी दिवा थेट पाण्यापर्यंत जळत जायचा, विहीर अगदी साधीभोळी वाटायची. आभाळ भरून आलं आणि उकाडा झाला की तीच हवा नवव्या पायरीपर्यंत चढून यायची, एखाद दिवशी सहाव्यापर्यंत. पाण्यानं भरलेली बाटली खाली सोडून, दुसऱ्या दोरीनं ती तिरकी करून, आतलं पाणी सांडून आम्ही तिथली हवा बाटलीत धरून आणली. बाबांच्या पानाच्या डबीतल्या चुन्याची निवळी त्यात ओतून हलवली, तर ती दुधासारखी झाली. सर म्हणाले, कार्बन डायऑक्साइड, बेटा. जमिनीतून येतो, हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. मला तर नाचावंसं वाटलं. मैत्रिणीनं फक्त विचारलं, "मंग माणसाले समजत नाई काय?" सर म्हणाले, नाही. श्वास जड होतो, चक्कर येते, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या दिवसानंतरही ती फटीपाशी वाकून काकाला सांगायची, आज आठवी, आज नववी. मी तिला म्हणायची, "येडी झाली काय? सरांनी सांगितलं ना कशानं होते ते." ती म्हणायची, "समजलं मले. त्याले कुठी समजलं?"

आणि घरी बाबा विचारायचे. संध्याकाळी जेवायला बसलं की पहिला प्रश्न तोच, "आज कितवी?" मी सांगितलं की घास हातात तसाच ठेवून थोडा वेळ बसायचे. सुरुवातीला मला आनंद व्हायचा, की आपल्या बापाला आपल्या प्रयोगाची एवढी गोडी. पण मग ते थांबेनातच. गणिताची परीक्षा झाली, त्याबद्दल अक्षर नाही. ताप येऊन पडले होते तरी अंथरुणातून विचारलं, आज कितवी. एका दुपारी आम्ही दोरी ओढत होतो, तेव्हा मला मोहाच्या झाडामागे पांढरा सदरा दिसला. बाबा उभे होते. मी हाक मारली तर पाठ फिरवून निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आभाळ असलं म्हणजेच वर चढते काय?"

"हो. आभाळ आणि उकाडा. दोन्ही असलं तर नक्की."

बाबा ताटावरून उठले. आई म्हणाली, अहो, भात तरी संपवा. ते बाहेर जाऊन उभे राहिले. मला तेव्हाही उजेड पडला नाही. हुशार म्हणे मी!

तालुक्याला आमचा नंबर आला तेव्हा कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, तिथे स्पर्धा आमच्याच शाळेच्या गोबर गॅसशी होती. जिल्ह्याला गडचिरोलीत मात्र आम्ही घाबरून गेलो. विहीर काही उचलून नेता येत नाही. म्हणून मिठाईच्या दुकानातली उंच बरणी मागून आणली होती. तळाला खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस टाकायचा आणि तारेला लावलेली मेणबत्ती खाली सोडायची. मेणबत्ती विझायची, धूर आडवा पसरायचा, आणि समोर जमलेली पोरं पुढे सरकून बघायची. आजूबाजूला चार ज्वालामुखी फसफसत होते, पण गर्दी आमच्याकडे होती. परीक्षक वयस्कर होते, नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातले. त्यांनी बरणीकडे एकदाच पाहिलं आणि वही मात्र, पहिल्या पानावरच्या काकाच्या मरणाच्या हकिगतीसकट, पानन्पान वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे तुमच्या गावाच्या रीतीत शास्त्र होतं. दिवा विझला तर उतरायचं नाही. बरोबर ना?"

"हो सर," मी म्हणाले.

"मग त्या दिवशी दोनदा दिवा विझूनही तो माणूस उतरला कसा?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं, कारण मला उत्तर माहीतच नव्हतं. तिनं परीक्षकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "माहीत नाई सर," ती म्हणाली. मी तिला एवढ्या वर्षांत खोटं बोलताना पहिल्यांदा पाहत होते.

पहिला नंबर आमचाच आला. ढाल मिळाली, टाळ्या झाल्या, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या एसटीत मी तिचा पिच्छाच पुरवला. सांग, नाही तर या ढालीला मी हात लावणार नाही, असं म्हटलं. तिनं मांडीवरची ढाल उचलून पायाशी ठेवली. मग म्हणाली, "तुहे बाबा आले होते तवा. मायनं दुसऱ्यांदा दिवा सोडला, तो बी इझला. काका म्हणे, आज नाई उतरत. तुह्या बाबानं मायच्या हातातून दिवा घेतला आन् फेकून देला. म्हणे, ह्या दिव्याबिव्याच्या नादानं तुमी मागं राह्यले. काही होत नाई, उतर. मंग काका उतरला."

मला तिचा इतका राग आला की मी तिला चिमटा काढला, चांगला करकचून. अजून लाज वाटते त्याची. म्हटलं, "मग मला कशाला घेतलं सोबत? चार महिने तोंड शिवून बसलीस."

तिनं चिमटा काढलेली जागा चोळली नाही. "तुह्याशिवाय कोन आलं असतं? आन् गाव तुह्या बाबाचंच आयकते. आता शिमगा जवळ आला. मायले वाचवाचं होतं मले."

घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. ढाल बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. "आज कितवी," हे त्यांनी त्या दिवसापासून कधीच विचारलं नाही. मला त्यांच्याशी भांडायचं होतं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायचंही होतं, आणि यातलं मला काहीच जमलं नाही.

शिमग्याच्या आधी सरांनी सरपंचांना गाठलं. गावापुढे एकदा दाखवू द्या, मग भगताचं ठरवा, असं म्हणाले. सरपंचांनी मान्य केलं. दिवस आम्हीच निवडला, आदल्या सकाळपासून बरणीवरची काडी खाली येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं, घामानं कपडे अंगाला चिकटत होते आणि विहिरीवरून सगळे ओंडके काढलेले होते. अख्खं गाव बांधावर उभं होतं. मैत्रिणीची आई तिच्या घराच्या मागल्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी राहिली होती.

सरांनी सरपंचांच्या हातात दोरी दिली. दिवा नवव्या पायरीवर विझला. सरपंचांच्या बायकोनं सोडला, तिचाही नवव्यावरच गेला. मग देवळातल्या पुजाऱ्यानं मंत्र म्हणून सोडला, त्याचाही गेला. दर वेळी ज्योत वातीवरून सुटायची, धूर आडवा व्हायचा, आणि लोकांमधून एक सुस्कारा यायचा. शेवटी कोणीतरी मागून म्हणालं, "कोनाच्याबी हातानं इझते हो." सरपंच घाम पुसत म्हणाले, "मंग भगताचं काही काम नाई."

झालं, जिंकलो होतो आम्ही. मैत्रीण धावत आईकडे गेली. पण लोक हलले नाहीत. काका उतरला त्या दिवशी तिथे हजर असलेला प्रत्येक माणूस आता पुढचा विचार करत होता, हे मला दिसत होतं. कोणीही बाबांकडे बघत नव्हतं. बाबा माझ्यापासून चार हातांवर होते आणि शंभरेक माणसं त्यांच्याकडे न बघता उभी होती. त्या शांततेची भीती मला त्या विहिरीपेक्षा जास्त वाटली.

बाबा पुढे आले आणि माझ्याकडे दोरी मागितली. मी दिली नाही, मूठ घट्ट धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, मी लहान असताना हातातला खडू काढून घ्यायचे तशी. काडी ओढून चिमणी पेटवली आणि खाली सोडली. विझली. वर ओढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली.

तेव्हा मैत्रिणीची आई उंबरा ओलांडून बाहेर आली. बायका सरकल्या, पण या वेळी वाट द्यायला. ती बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिली, खाली आडव्या पसरलेल्या धुराकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनी बोलली.

"गुरुजी, तुमच्याबी हातानं इझला."

तो टोमणा नव्हता. मी तिचा चेहरा बघत होते. ती त्यांची समजूत काढत होती, जशी तिची कोणी काढली नव्हती.

"हो बाई," बाबा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात शिकवायचे त्या आवाजात, म्हणाले, "पण उतर मी म्हटलं होतं."

लोक बांधावरून एकेक करून घरी गेले. एका बाईच्या हाताला दहा महिने नावं ठेवणारं गाव गुरुजींना एक शब्द बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. बाबांना वाटायचं, कोणीतरी बोलावं. शाळेला जायचा त्यांचा रस्ता दुसरा होता, तरी ते मुद्दाम त्या घरावरून जायला लागले. निवृत्त होईपर्यंत रोज गेले. आणि ती बाई रोज हातातलं काम ठेवून उठून उभी राहायची आणि म्हणायची, "रामराम, गुरुजी."